भिंतीवरचा पदर

आमच्याकडे लग्न ठरलं की भटजीच्या आधी विश्वंभर पेंटरला निरोप जातो. दाराच्या दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, वर गणपती, खाली नवरा-नवरीची नावं. बाळापूरच्या आसपासच्या गावांत भिंती त्याच्याच. त्यानं काढलेली बाई लक्ष्मी असो की साबणाच्या जाहिरातीतली, डोळे द्वारकाबाईचे, म्हणजे त्याच्या बायकोचे. दुसरी बाई यानं कधी निरखलीच नाही, असं आम्ही चिडवायचो. तो लाजायचा, पण डोळे काही बदलायचा नाही.

कोरोना आला तेव्हा मी ग्रामपंचायतीत लिपिक होतो. वरून एक छापील चित्र आलं. मास्क लावलेला पुरुष आणि मास्क लावलेली बाई. वाचणारे थोडे, चित्र सगळ्यांना कळतं, तेव्हा चावडीच्या भिंतीवर मोठं काढून घ्या, असा आदेश होता. विश्वंभरनं पुरुष एका दिवसात उरकला. घोडं अडलं ते बाईपाशी.

छापील चित्रातली बाई उघड्या डोक्याची होती. शालूबाई नावाची म्हातारी, जिच्या शब्दापुढे गावातली एकही सून जात नाही, ती भिंतीसमोर थांबली. चावडीपुढं ही कुणाची सून उघड्या डोक्यानं उभी केली, असं तिनं विचारलं. मग म्हणाली, "अन् तोंडाला मुसकं काहून बांधलं रे? बैल हाय का ती?" सगळ्या बाया हसल्या. विश्वंभर खाली मान घालून ब्रश धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मास्क पुसला, बाईच्या डोक्यावर हिरवा पदर काढला आणि तोच नाकावरून ओढून घेतला. मलाही ते बरंच वाटलं. नाक झाकलं म्हणजे झालं, एवढीच माझी अक्कल. मी फोटो काढून वर पाठवला आणि वरूनही शाबासकी आली.

चित्र भलतंच लागू पडलं. चावडीवरून जाताना बाया आपसूक नाकावर पदर ओढू लागल्या. 'द्वारका भिंतीवर चढली' म्हणून चेष्टा व्हायची आणि ती मनातून खूश असायची. मास्कचे खोके आले तेव्हा पुरुषांनी नेले. बाया म्हणाल्या, आमच्या चित्रात तर पदरच हाय. बायांचे मास्क माझ्या टेबलाखाली तसेच पडून राहिले. मीही कुणाला आग्रह केला नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात दुसरी लाट आली, ती हळदीच्या हंगामातच. शिजवलेली हळद खळ्यावर पसरायची, कंद आणि हळकुंडं वेगळी करायची, बाया दिवसभर खांद्याला खांदा लावून बसलेल्या. पदर नाकावर राहायला एक हात लागतो आणि या कामाला दोन्ही हात लागतात. तिथल्या सात जणींना ताप आला. सहा उठल्या. द्वारकाबाई हिंगोलीच्या दवाखान्यात नवव्या दिवशी वारली. तिला गावात आणलं नाही. विश्वंभरला लांबूनच दाखवलं, तेही प्लास्टिकमध्ये बांधलेलं.

तिच्या दहाव्याला, पिंडदान उरकून, तो सरळ चावडीवर आला. केस उतरवलेले, हातात निळ्या रंगाचा डबा. मला वाटलं, चित्र पुसायला आला. पण त्यानं त्या पदरावरच मास्क रंगवायला घेतला. कानापासून कानापर्यंत. निळा रंग हनुवटीखाली ओघळला, तो त्यानं तसाच राहू दिला. मागे बाया जमल्या होत्या, शालूबाईसुद्धा. त्यांच्याकडे न वळता तो म्हणाला, "ह्ये पयलंच काढलं होतं मी. तुमी हसल्या म्हून पुसलं."

 शालूबाईनंच पहिल्यांदा येऊन माझ्यासमोर हात पसरला आणि मास्क मागितला. मी टेबलाखालचा खोका काढला तेव्हा त्यावर बोटभर धूळ होती. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

विश्वंभर अजून लग्नाच्या भिंती रंगवतो. मी निवृत्त झालो. तो कधीमधी माझ्या ओट्यावर येऊन बसतो, चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि उठताना विचारतो, "भाऊ, मास्क असता तर वाचली असती का वो ती?"

मी म्हणतो, ते कुणालाच सांगता येत नाही. हे खरंही आहे. तो 'व्हय' म्हणतो, चपला घालतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारतो.