बंद मिलचा आवाज

मंठ्यात आमची डाळ मिल घराच्या मागेच आहे. अमावस्येला धान्यबाजाराचा मोंढा बंद, म्हणून मिलही बंद, हा वडिलांपासूनचा नेम. एका दुपारी जेवताना मी वैतागून बायकोला म्हणालो, "मोटर बंद करायला सांग जरा. दोन घास तरी सुखानं खाऊ दे." ती वाढता वाढता थांबली. "आज अमावस्या हाय. मोटर सकाळपासून चालूच न्हाई."

मी हात धुऊन मागे गेलो. पट्टे थांबलेले होते, मेन स्विच खाली होता. मोटरची बारीक शिट्टी मात्र तशीच चालू होती.

जालन्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मशीनच्या आवाजानं बारीक आवाज ऐकायची माझ्या कानांची ताकद गेली आहे आणि ही शिट्टी कानातच तयार होते. ती बहुतेक जाणार नाही, सवय होईल. मिलमध्ये यापुढे कान झाकून बसा. मी 'बराबर' म्हणालो आणि घरी आलो.

पुढच्या अमावस्येला बायकोनं मागच्या अंगणात डाळीची चुरी टाकली. पाहता पाहता पत्र्यावरून चिमण्यांचा थवा उतरला. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. मला फक्त मोटर ऐकू येत होती.

मोबाईलच्या टॉवरनं गावातल्या चिमण्या संपवल्या, असं कित्येक वर्षं मी मोंढ्यात येईल त्याला ठणकावून सांगत होतो.