पालखी खाचरात उतरली

देवीवर रागावलेला माणूस पाहायचा असता, तर शिमग्याच्या त्या सकाळी मला पाहायला हवं होतं. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. आईला पहाटेपासून दम लागलेला, तिला महाडला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि समोरून गावदेवीची पालखी ढोल वाजवत आमच्याच अंगावर येत होती. रस्ता एका गाडीपुरता.

माझी व्हॅन जुनी, इंजिन मागे. पळती असली की वाऱ्यावर थंड राहते. चालू ठेवून उभी केली की तापते, कारण रेडिएटरचा पंखा कधीचाच बंद पडलाय. बायको म्हणते, गाडी अगदी तुमच्यावर गेलीय. एरवी मी हसतो. त्या दिवशी काटा लाल रेघेला टेकत होता आणि मागच्या सीटवर आईचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता.

पालखीला आडवं जायचं नाही, तिला वाटेतून हटवायचंही नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माये, तुला आजच नाचायचं होतं का, असं मनात म्हणून शेवटी मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हात जोडले ते काही भक्तीने नव्हे. दुसरं करण्यासारखं उरलंच नव्हतं.

पालखीसोबतच्या गुरवकाकांनी काचेतून डोकावून विचारलं, "म्हातारीला काय झालाय रे?" मी सांगितलं. ते पालखीपुढे गेले, ढोल थांबवले आणि गाऱ्हाणं घातलं, "आये, तुझीच लेक हाय गाडीत. वाट दे तिला."

पालखी गपकन बांधाकडे ओढली गेली आणि भाताच्या रिकाम्या खाचरात उतरली. खांदेकऱ्यांनी ओढली की देवीने, मला सांगता येणार नाही. एरवी तीनदा खोकणारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पालखीबरोबरचे दोघे जण मोटारसायकलवर पुढे धावले आणि हायवेपर्यंत समोरच्या गाड्या बाजूला करत गेले. कुठेच थांबावं लागलं नाही. काटा हळूहळू उतरला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी मान डोलावली, जणू मीच आणलं होतं.

त्याच संध्याकाळी आई घरी आल्यावर पालखी आमच्या दारी आली. रिवाजाप्रमाणे मी खांदेकऱ्यांचे पाय धुवायला बसलो. त्यांच्या अनवाणी पायांवर धसकटांचे ओरखडे अजून ताजे होते. मी इंजिन तेवढं बंद केलं होतं. पुढचं सगळं या पायांनी केलं. पाणी घालता घालता मी डोकं टेकवलं, आणि ते लवकर उचलवेना.