कानबाईचा रोट आणि न जुळणारं रक्त

इथले अनुभव मी चवीने वाचते, पण खरं सांगते — आजवर एकावरही विश्वास ठेवला नाही. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मी आधी विचारते, "शुगर तपासली का?" सुरतेतल्या एका ब्लड बँकेत मी लॅब टेक्निशियन आहे. ट्यूबमध्ये दिसतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं माझ्या नवऱ्याला, संदीपला, भारी हसू येतंय. हसू दे! घडलं ते भर दुपारी, सगळ्या भाऊबंदांच्या देखत.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. सासरे कापड रंगवायच्या, डाइंगच्या कामाला सुरतेच्या पांडेसऱ्यात आले आणि इथलेच झाले. माझी नणंद मनीषा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशी देवी, बसायच्या आदल्या दिवशी तिचं सिझेरियन झालं. मुलगी झाली, एकदम गोड! पण मनीषाचा रक्तस्राव थांबता थांबेना. डॉक्टरांनी तो कसाबसा आवरला, तरी हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की रविवारी सकाळी त्यांनी स्पष्टच सांगितलं — रक्त आजच चढवावं लागेल, नाहीतर आमच्या हातात काही नाही.

ग्रुप ओ पॉझिटिव्ह. मी निर्धास्त होते. ओ पॉझिटिव्हच्या पिशव्यांना आमच्याकडे काय तोटा! क्रॉसमॅच लावायला मी स्वतःच बसले. म्हणजे पेशंटच्या सीरममध्ये देणाऱ्याच्या लाल पेशी मिसळायच्या, मशीनमध्ये फिरवायच्या आणि ट्यूब हलकेच हलवून बघायची. जुळलं तर पेशी सुट्या होऊन पसरतात, नाही जुळलं तर गुठळी. ही गुठळी करतात अँटीबॉडी. शरीराचे राखणदारच ते, परका दिसला की धरलाच.

पहिली पिशवी... गुठळी. दुसरी... गुठळी. तिसरी, चौथी — सगळीकडे तेच!

"रूपालीबेन, फरीथी करो," आमचे डॉक्टर म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा गुठळी. मग त्यांनी स्वतः मनीषाच्या पेशी अँटी-एच नावाच्या द्रावणाबरोबर लावून बघितल्या. ओ ग्रुपच्या माणसाची तिथे घट्ट गुठळी व्हायला हवी. इथे काहीच नाही. डॉक्टर खुर्चीतून उठलेच — "आ तो बॉम्बे छे!"

बॉम्बे ग्रुप! वरवर ओ दिसतो, पण बाकी सगळ्यांच्या रक्तात असणारा एच नावाचा पदार्थ या लोकांत नसतोच. म्हणून त्यांच्या अँटीबॉडी जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या रक्ताला शत्रू समजतात. चालतं ते फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचं. शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण माझ्या हातात पहिल्यांदाच आलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. मग ट्यूबवरचं नाव वाचलं आणि लगेच घरी फोन लावला.

सासू-सासरे आणि संदीप, तिघांचंही रक्त लावून झालं. जुळलं नाही. मुंबईत एक दाता मिळाला, पण त्याची पिशवी सोमवारशिवाय येणार नव्हती. हॉस्पिटलमधून सारखे फोन, "बेन, केटली वार?" अजून किती वेळ?

हा ग्रुप रक्ताच्या नात्यात सापडायची आशा जास्त असते. आणि त्या दिवशी आमचे सगळे भाऊबंद एका जागी जमलेले होते — कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला! खानदेशातल्या वाचकांना माहीतच आहे, हा रोट आपल्या कुळातल्यांनीच खायचा असतो. परक्याला घासभरही देत नाहीत. आमच्याकडे तर शेजाऱ्याचं पोर पंगतीजवळ आलं तरी आजेसासूबाई डोळे वटारायच्या. मी सिरिंज आणि ट्यूबचा डबा घेऊन गल्लीतल्या मांडवात थेट त्या पंगतीत घुसले. पुरणपोळीचा घास हातात आणि दुसरा हात माझ्यापुढे, असे चुलत दीर, पुतणे, काका सगळ्यांचे नमुने घेत सुटले. "रूपा, आमले जेवू तरी दे व!" असं हसत म्हणणारे म्हातारे काकाही बाही वर करून बसले.

सासूबाई मात्र कानबाईपुढे मान खाली घालून बसलेल्या. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हॉर्नवर हॉर्न. मांडवाने रस्ता अडवलेला आणि पलसाण्याहून कापडाचे तागे घेऊन आलेला एक टेम्पो अडकून पडलेला. ड्रायव्हर तणतणत आत आला. काळासावळा, चाळिशीचा माणूस. "अरे भाई, कुर्सी हटाओ! सेठ मेरा गला पकड़ेगा!"

आणि सासूबाई उठल्या. सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. वाढलेलं ताट उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"हाऊ आपलाच शे. जेव रे भाऊ."

पंगत हादरली! काका ओरडले, "वहिनी, परक्याले रोट? काय करी ऱ्हायनी तू?" सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे वळल्या आणि अगदी थंडपणे म्हणाल्या, "रूपा, यानं रगत ले."

काही बायकांनी हात जोडले. मला मात्र संताप आला. पोर तिकडे मरायला टेकलीय आणि यांना आत्ता अंगात यायचं सुचतंय! संदीपने त्या माणसाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचं नाव बेहेरा, गाव ओडिशातलं गंजाम. सकाळपासून उपाशी होता बिचारा. भराभर जेवला, हात धुतला आणि पुढे केला. "ले लो बहनजी. सुई से क्या डरना." सासूबाईंचं मन मोडायला नको, एवढ्याचसाठी मी त्याचाही नमुना घेतला.

लॅबमध्ये एकेक ट्यूब हलवत गेले. भाऊबंदांपैकी एकाचंही जुळलं नाही. काकांचंही नाही. शेवटी बेहेराची ट्यूब उरली.

हलवली... आणि पेशी सुट्या झाल्या.

गुठळी नाही! डोळे चोळले. दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा नवीन ट्यूब घेतली. सुट्या! अँटी-एच लावलं, तिथेही काही नाही. मी एवढ्या जोराने ओरडले की डॉक्टर चहा टाकून पळत आले. त्यांनी स्वतः सगळं परत केलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आ माणस तमने मळ्यो क्यां?" हा माणूस तुम्हाला भेटला कुठे?

बाकीच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. बेहेराने रक्त दिलं, ताग्यांसाठी सेठशी फोनवर भांडत भांडत दिलं! संध्याकाळी ते मनीषाच्या शिरेत जाऊ लागलं आणि मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. सोमवारी मुंबईची पिशवी आली. मनीषा वाचली.

आता योगायोग म्हणा. मीही स्वतःला तेच सांगते. पण हजारो माणसांत एखादा सापडणारा हा ग्रुप. बेहेराला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, उभ्या जन्मात त्याने रक्त दिलं नव्हतं. आमचं कूळ तापीकाठचं, त्याचं पार समुद्राकडचं. नातं असेल कुठून?

खरा धक्का पुढेच बसला. मनीषाला घरी सोडलं त्या दिवशी बेहेरा केळी घेऊन हॉस्पिटलात आला. सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी पदर सावरला आणि मला हळूच विचारलं, "हाऊ कोन शे?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "अहो आई, यांनाच तर तुम्ही रोट दिला!"

"मी?" त्या चिडल्याच. "मी काय येडी शे का? परक्याले मी रोट देसू?"

संदीपने सांगितलं, काकांनी सांगितलं, शेवटी बेहेरानेही सांगितलं. सासूबाईंना एवढंच आठवत होतं की त्या कानबाईपुढे बसल्या होत्या आणि लेकीला मागत होत्या. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. नात कुशीत झोपली होती, तिला त्यांनी घट्ट धरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"मंग कोनी दिधा व?"

मी त्या ट्यूब माझ्या हातांनी हलवल्या आहेत, त्यात चूक नाही याची शपथ घेईन. पण तो रोट सासूबाईंनीच दिला, अशी शपथ मात्र मी आता घेणार नाही.