शफी कल्हईवाला आणि माळावरच्या तारा

रोज सकाळी पहिलं भांडं कल्हई होऊन पाण्यातून निघालं, की शफी ते तोंडासमोर धरायचा आणि त्यात आपल्या मिशा पाहायचा. मिशीचा केस न् केस वेगळा दिसला, तरच कल्हई पास. भाता ओढणारी त्याची बायको अख्तरी म्हणायची, "भांडं पाहून राह्यले का थोबाड?"

"दोन्ही," शफी म्हणायचा. "दोन्ही चकाकले पाह्यजे."

नागभीडच्या बाजारात चिंचेखाली त्याची भट्टी होती. लग्नसराईआधी ब्रह्मपुरीकडच्या बायासुद्धा गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि बटलोया घेऊन त्याच्याकडे यायच्या. शफीची कल्हई म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नसे. जमीन नव्हती, घर भाड्याचं होतं. होतं ते हे नाव.

तेच नाव ऐकून माळावरचा चौकीदार मुखरू त्याला तिकडे घेऊन गेला. गावापासून दोनेक कोसांवर, सागाच्या रानात एक मोकळा माळ होता. तिथे सूर्याचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या बोकारे सरांनी खांब रोवून त्यांच्यावर तारा ताणल्या होत्या. सूर्याकडून जसा उजेड येतो तशा रेडिओच्या लहरीही येतात. त्या या तारा पकडत, आणि पत्र्याच्या खोलीतलं यंत्र त्यांची रेघ कागदावर ओढत राही. येत्या एकदोन वर्षांत सूर्यावर मोठी वादळं उठणार होती. म्हणून १९५६च्या हिवाळ्यात सरांनी एका रांगेच्या चार रांगा करायला घेतल्या. लोखंडी तारा उतरवून तांब्याच्या चढवायच्या होत्या आणि प्रत्येक जोडाला डाग द्यायचा, म्हणजे तो कथलाने सांधायचा होता. नागपूरहून आणलेला कारागीर वाघाची डरकाळी ऐकून पहिल्याच आठवड्यात निघून गेला होता.

"डाग देता येतो?" सरांनी विचारलं.

"गळक्या घागरीले देतो जी. हे त तार हाय, इले गळती बी नाई."

सर हसले आणि शफी कामाला लागला. भांड्याला द्यायचा तसाच त्याने तारेला डाग दिला. जोड तापवायचा, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील टेकवायचं. कथील पाण्यासारखं पळायचं. सर एखादा जोड ओढून बघत. तो हलत नसे. उन्हाळ्याच्या तोंडाशी चारही रांगा उभ्या राहिल्या, आणि दुपारच्या उन्हात जोड असे चमकायचे की गुराखी वाट वाकडी करून बघायला येत.

पावसाळा सरला आणि कागदावरची रेघ थरथरू लागली. सूर्य मावळल्यावरही तिचा खरखराट थांबेना. सरांनी यंत्र उघडून पाहिलं, पुन्हा जुळवलं. शेवटी ते म्हणाले, "तुझे डाग पक्के आहेत शफी. तारच खोटी निघाली. व्यापाऱ्याला परत पाठवतो."

शफी शिडी लावून वर चढला. जोडांवर हिरवी भुकटी साचली होती. नखाने खरवडली तर खालचं तांबं खाल्लेलं. तो खाली उतरला.

घरी अख्तरी भाकरी थापत होती. "भांड्यावर त कधी असं होत नाई," तो म्हणाला.

"कसं होईन? भांडं घरी गेलं की बाई त्याले राखेनं खसखसून घासते. तुमच्या तारीले कोण घासते, वांदरं?"

शफीचा घास हातातच राहिला. भांड्यावर उरलेला नवसागर दुसऱ्याची बायको धुऊन टाकते, हे त्याला आजवर कधी ध्यानातच घ्यावं लागलं नव्हतं. तारेवर तो तसाच राहिला होता. पावसाचं पाणी प्यायला आणि तांबं खात बसला.

गप्प बसणं सोपं होतं. सर व्यापाऱ्याला बोल लावत होते. पण नवी तार आली असती, त्याच हातांनी तोच नवसागर पडला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. बोललं तर बाजारभर होणार होतं की शफीच्या डागाने तांबं खाल्लं. आणि लग्नसराई तोंडावर आली होती.

सकाळी भट्टी न पेटवताच तो माळावर गेला.

"सर, तार खोटी नाई. माहा डाग खोटा हाय."

सरांनी एक जोड कापून आणला, भिंगाखाली धरला. त्यांचा आवाज चढला. "आत्ता सांगतोस?"

"आत्ताच समजलं जी."

सरांनी कपाटातून पिवळट राळेचा खडा काढला. नवसागराऐवजी राळ वापरायची, ती तांब्याला खात नाही. शफीने खडा हुंगला आणि शिडी उचलली.

एकेक जोड कापून, घासून, पुन्हा झाळायचा होता. सगळी लग्नसराई त्यात गेली. मुखरूच्या पोटात काही राहत नसे; बाजारात पानवाला ओरडायचा, "काऊन शफीभाऊ, सूर्याचा गंज गळला म्हणते?"

"गळला नाई बापा, घासाचा राह्यला होता."

लोक हसत. काही बायांनी मात्र भांडी दुसरीकडे नेली, आणि त्यातल्या सगळ्या परत आल्या नाहीत.

शेवटचे जोड चालू असताना एका दुपारी यंत्राची लेखणी उडाली आणि कागदाच्या कडेपर्यंत गेली. "बिघडलं वाटते पुन्हा," मुखरू म्हणाला. शफी शिडीवरच थांबला.

आतून सरांचा आवाज आला. "बिघडलेलं नाही. हा सूर्य आहे!"

शफी उतरला आणि दारातून डोकावून त्याने ती रेघ पाहिली. "आपला खरखराट त नाई ना जी?"

"नाही."

"मंग ठीक हाय," म्हणून तो राहिलेल्या जोडांकडे गेला.

त्यानंतर भट्टीवरचा एक रिवाज बदलला. अख्तरीने राखेने घासून धुतल्याशिवाय भांडं गिऱ्हाइकाच्या हातात जात नसे. "हे त आमी घरी करतोच," बाया म्हणत. शफी ऐकून घेई, भांडं मात्र देत नसे.

१९५९च्या उन्हाळ्यात त्याला ताप भरला. तरी तो भट्टीवर बसला होता, कारण मुखरूच्या घरी लग्न होतं आणि त्याचा मोठा गंज कल्हई व्हायचा होता. दुपारी गंज झाला. मुखरूने उचलायला हात घातला. संध्याकाळी शफीला उचलून घरी न्यावं लागलं, आणि पुढे तो शुद्धीवर आला नाही. पण दुपारी त्याने मुखरूचा हात बाजूला सारला होता.

"बसा ना भाऊ, घाई काऊन करता? अख्तरी, याले अजून एक पाणी मार."