पऱ्हाट्यांचा कोळसा

पीएच.डी.साठी पऱ्हाट्यांचा कोळसा करायचं मी ठरवलं तेव्हा आईला हसू आवरेना. "एवढं शिकून शेवटी जाळच करायचा व्हय गं?" म्हणाली. पण धारूरजवळच्या आमच्या रानात कापूस निघाल्यावर वाळक्या पऱ्हाट्या तिनंच निवडून ठेवल्या. आम्ही त्या पत्र्याच्या पिंपात कोंडून भाजल्या, झाकण मातीनं लिंपलं आणि पिंप गार होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी गार कोळसा पोत्यात भरून ओसरीवर ठेवला. जेवणं झाल्यावर आई पोत्याला टेकली आणि झटकन उठली.

"अगं, पोतं लई तापलंय!"

पोतं ओढत अंगणात नेऊन कोळसा पसरला, तर मधल्या खड्यांनी विस्तव धरलेला. त्यांच्यावर माती टाकली. ताजा कोळसा हवा शोषून घेतो आणि तापतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी रात्री उठून मी तो ढीग पुन्हा चाचपून पाहिला.

पुढं तोच कोळसा कडक वाफेत आणखी भाजून मी परळीच्या प्रयोगशाळेत नेला. वैजनाथाच्या दर्शनाला आलेली आई तिथंही आली. मी काचेच्या नळीतली हवा काढून घेतली आणि आतल्या कोळशावर वायू सोडला. आईनं ताप बघावा तसा पालथा हात नळीला लावला.

"अंग तापलं की याचं! खाली जाळ तर न्हाई. कावून?"

"आई, या कोळशात डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. मोकळा वायू नुसता पळत असतो. भोकांत शिरून चिकटला की त्याची धावपळ थांबते आणि ऊब बाहेर पडते."

मग मी वायू परत ओढून घेतला. नळी गार पडत गेली.

"आता गार कशी झाली?"

"सुटून निघताना तो ऊब घेऊन जातो."

"परत कर बरं."

मी परत केलं. तेवढ्यात माझे मार्गदर्शक सर आले, तर आई नळी धरूनच उभी. त्यांनी हसून तिच्यासाठी स्टूल ओढलं.

त्या दिवशी मोजलेले उष्णतेचे आकडे टाकून द्यावे लागले, कारण त्यांत आईच्या हाताची ऊब मिसळली होती. तिला मी ते सांगितलं नाही. संध्याकाळी धारूरच्या एसटीत बसल्या बसल्या ती शेजारच्या बाईला सांगत होती, "माझी लेक कोळशाला वारा पाजती, बाई. काडी न लावता तापतो!"