रापणीचा वाटा

तांडेलकाकांच्या हातचं जेवायचं तर आधी हात चालवावे लागत. आमच्या कुवेतमधल्या, फहाहीलच्या घरी पहिल्यांदा आले ते बाजारातून झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, घेऊनच. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, हातात नारळ दिला आणि माझ्यापुढे लसूण टाकला. आमच्या छोट्या सईलाही कोथिंबीर निवडायला बसवलं.

"पाहुणा यजमानाला राबवतो, हे कुठलं शास्त्र?" मी चेष्टेनं विचारलं.

"आमच्या मालवणाकडचा, वैनी. ज्येना रापणीच्या दोरयेक हात लावलो, त्येका वाटो. हात नाय, तर वाटो नाय."

रापण मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनीच समजावली. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि सगळ्यांनी मिळून दोन्हीकडून सारखं ओढायचं. एक बाजू सैल पडली की मासळी गेलीच म्हणून समजा.

इराकी फौज कुवेतमधून हटल्यानंतरची ती वर्षं. सीमेवर युनोची शांतिसेना होती. तिच्या एका छावणीत तांडेलकाका मुख्य स्वयंपाकी आणि सुधीर जनरेटरवाला, दोघेही एकाच कंत्राटदाराची माणसं. ही छावणी तीन चिमुकल्या देशांनी मिळून उभी केलेली. एकट्यादुकट्यानं पुरी तुकडी पाठवणं कुणालाच झेपणारं नव्हतं. म्हणून एकानं शिपाई दिले, दुसऱ्यानं डॉक्टर आणि तिसऱ्यानं ट्रक आणि ड्रायव्हर. मला हे देश सईच्या नकाशात शोधावे लागले होते.

सुरुवातीला तिघांच्या तीन चुली होत्या आणि रोज तक्रारी. तांडेलकाकांनी एकच मोठं पातेलं चढवलं आणि नियम केला : प्रत्येक देशाच्या एका माणसानं रोज स्वयंपाकाला हात लावायचा. शिपाई हसले, पण यायला लागले. एकदा एक कर्नल पाहणीला आला, तर काकांनी त्याच्याही पुढे कांदे सरकवले. "सर, नो हँड, नो फूड!" कर्नलनं निमूटपणे कांदे सोलले म्हणे.

"या टिचभर देशांची फौज सद्दामला काय अडवणार?" असं सुधीर नेहमी म्हणायचा.

त्यावर काका चिडायचे. "मोठो ट्रॉलर येता तो मासो ओढून जाता. किनारो राखूक रापणवालेच लागतत."

तत्त्वज्ञान असं मोठं, पण माणूस मुलखाचा भित्रा. नव्वद साली इराकी फौज घुसल्यावर सगळं सोडून वाळवंटातून अम्मान गाठलेलं, त्यामुळे पासपोर्टची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून कायम गंजिफ्रॉकच्या आत. विमान जरा खालून गेलं की हातातला डाव पातेल्यातच थांबायचा. शिपायांपैकी कुणी जेवलं नाही, तरी हे सुधीरला बाजूला घेऊन कुजबुजायचे. "त्येंच्या घराकडसून फोन इलो आसतलो. परत बोलावतत काय, कोण जाणा." तीन देशांतला एक जरी गेला तरी बाकीचे उघडे पडतील, हीच त्यांची काळजी. आणि एके दिवशी नेमकं तेच झालं.

सीमेपलीकडे फौज पुन्हा जमतेय, अशी बातमी आली. फहाहीलमध्ये पाण्याच्या बाटल्या मिळेनाशा झाल्या. मी बाथटब भरून ठेवला, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि सुधीरची वाट पाहत बसले. तो दर गुरुवारी यायचा. त्या गुरुवारी आला नाही. छावणीचा फोन लागेना. मन नको नको ते चिंतत होतं. शुक्रवारी दुपारी बेल वाजली, मी धावत जाऊन दार उघडलं, तर बाहेर तांडेलकाका. एकटेच.

"वैनी, घाबरू नकात. सायब बरे आसत. थयच आसत."

मग सगळं कळलं. ट्रकवाल्या देशाला त्यांच्या राजधानीतून हुकूम आला होता : गाड्या घेऊन कुवेत शहरात परत या. निघताना त्यांनी काकांनाही बरोबर घेतलं. बाकीचे दोन देश आणि सुधीर सीमेवर, आणि पळायचं ठरलं तरी गाडी नाही. शहरात पोचल्यावर ड्रायव्हर जेवायची वाट पाहत बसले. काकांनी चूलच पेटवली नाही.

"मी इचारलंय, बाकीचे हात खय आसत? त्येंचो कॅप्टन उठान फोनवर गेलो, तो लय येळ थयच."

संध्याकाळी ट्रक पाणी आणि शिधा घेऊन परत सीमेकडे निघणार होते. काका त्यांच्यासाठीच बाजारहाट करायला आले होते. त्यांनी शिजवलं नाही म्हणून ट्रक परत गेले, असं मी म्हणणार नाही. वरून हुकूम बदलला असेल. मला तेव्हा एवढंच सुचलं की गाडी जातेय, म्हणजे सुधीरला आणता येईल.

"त्यांना घेऊन या, काका. तुमच्या पाया पडते."

"सायबांका आणलंय तर जनरेटर कोण बघतलो? पाण्याचो पंप बंद पडात. दवाखानो बंद पडात."

"आग लागो तुमच्या रापणीला!" मी ओरडले. "माझी मुलगी लहान आहे!"

"माका पण भ्या वाटता, वैनी," ते म्हणाले. "म्हणान तर परत जातंय. तुमी पण हात लावा."

मी दार आपटायला हवं होतं. त्याऐवजी कणीक मळायला घेतली. रागानं, रडत, घरात होतं तेवढ्या पिठाच्या पोळ्या लाटल्या. काकांनी त्या फडक्यात बांधल्या आणि गेले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. अखेर पलीकडची फौज मागे सरली आणि सुधीर घरी आला, दाढी वाढलेला, धुळीनं माखलेला. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता.

पुढे ती शांतिसेना गुंडाळली गेली. काका गावी परतले आणि काही वर्षांनी तिकडेच वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मला तो डबाच आठवला.

"तांडेलांनी दिलाय," सुधीर तेव्हा म्हणाला होता. "म्हणाले, वैनींचो वाटो."

आत माशाची आमटी होती. वाळवंटातल्या उन्हात ती आंबून गेली होती. सुधीर म्हणाला, टाकून दे. मी चमचाभर तोंडात घातली आणि डबा पोटाशी धरून ढसाढसा रडले.