हलक्या हाताचे घड्याळजी

घड्याळजींचा हात हलका होता. ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. ते स्वतःच सांगत. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, आणि एवढ्या वर्षांत एका काट्यावर, एका दातेरी चाकावर, केसाइतक्या बारीक एका स्प्रिंगवर त्यांनी जोर म्हणून केला नव्हता. "जिथे जोर लावावा लागतो, तिथे आपलंच काहीतरी चुकलेलं असतं," असं ते म्हणत, आणि त्यानंतर ऐकणाऱ्याला उठू देत नसत.

पुढे लोक मनगटाकडे बघायचेच विसरले. वेळ खिशातल्या फोनात जाऊन बसली. दुकानाच्या फळ्या एकदा लागल्या त्या लागल्याच. घड्याळजी हत्यारांची पेटी घेऊन घरी आले, आणि त्यांच्या हलक्या हाताचा सगळा भार घरावर पडला. दाराची कडी, गळका नळ, बायकोच्या चष्म्याची दांडी, सगळ्यांवर उपचार झाले. कडी आता कुरकुरत नव्हती, लागतही नव्हती.

"अहो, एखादी वस्तू बिघडू तरी द्या, मग दुरुस्त करा," बायको म्हणायची.

अशा घरात सून आली आणि येताना आपला कॉम्प्युटर घेऊन आली.

ती इमारतींचे नकाशे काढायची. लग्नाआधी ज्या ऑफिसात होती, तिथल्या साहेबांनी तिला घरून काम करायची मुभा दिली होती. पण दिली ती तोंड वाकडं करूनच. पहिलं काम म्हणून एका शाळेच्या इमारतीचे नकाशे दिले. आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत ते पोचले तर नोकरी राहणार, नाहीतर तिच्या जागी दुसरं माणूस तयारच होतं. नकाशे झालेले होते. पण सगळे मजले एकदम उघडायला गेलं की कॉम्प्युटर थिजायचा. मेमरी अपुरी पडत होती. म्हणून तिनं दुकानातून नवी रॅम आणली होती. कंगव्यासारखी हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दात. सकाळी कॉम्प्युटरचा डबा उचलून आणलात तर लगेच बसवून देतो, असं दुकानातला मेकॅनिक म्हणाला होता.

"मेकॅनिक?" घड्याळजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरात मी असताना?"

"बाबा, जाऊन लगेच येते. दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांत फक्त नुकसान होतं, सूनबाई. तू बस."

सून या घरात नवी होती. बसली.

मग जे सुरू झालं ते बघायला शेजारपाजार बोलवायला हवा होता. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड अंथरलं गेलं. डब्याची वायर काढून तो आडवा निजवला गेला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, रबरी फुग्यानं आतली धूळ उडवली, सशाच्या कानाला हात लावावा तसं प्रत्येक वायरीला बाजूला केलं. जुन्या पट्टीशेजारी एक खाच रिकामी होती. तिच्यावर नवी पट्टी त्यांनी अशी टेकवली, जशी झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली उशी सरकवावी. दोन बोटांनी अलगद थोपटली. पट्टी उभी राहिली. त्यांनी श्वास सोडला.

"याला म्हणतात हात," ते म्हणाले. बायको तेवढ्यात आत निघून गेली होती, म्हणून ते पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाले.

सुनेनं बटण दाबलं. पंखा घरघरला आणि डबा ओरडला. टीं, टीं, टीं. पडदा काळाच. पुन्हा बंद करून चालू केला. पुन्हा टीं, टीं, टीं.

"वस्तूच खोटी आहे," घड्याळजींनी निकाल दिला.

नवी पट्टी काढली तर कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू झाला. निकाल पक्का झाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते इथे अंगणानं स्वतः येऊन कबूल केल्यासारखं झालं.

"मग मी बदलून आणते," सून म्हणाली.

इथेच सगळं थांबलं असतं. पण शहाण्या माणसाला पुरावा एकदा मिळून भागत नाही. "थांब. कदाचित खाच खोटी असेल," म्हणत घड्याळजींनी जुनी पट्टीही काढली आणि नवी तिच्या जागी ठेवली, तशीच, अलगद. टीं, टीं, टीं. ती काढून जुनी परत तिच्या घरी ठेवली. तीही अलगद. टीं, टीं, टीं.

आता घरात दोन पट्ट्या होत्या आणि कॉम्प्युटर एकही नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घड्याळजींनी सोनेरी दात खोडरबरानं पुसले. मऊ कुंचल्यानं खाच झाडली. पट्टी ठेवली, उचलली, ठेवली. डबा प्रत्येक वेळी तेवढ्याच निष्ठेनं ओरडला. ऊन खिडकीतून टेबलावर आलं आणि टेबलावरून उतरून जायला निघालं. सून नुसती स्वतःची बोटं एकमेकांत घालत होती आणि काढत होती, आणि ते बघणं कसल्याही बोलण्यापेक्षा जड होतं.

तिनं नवऱ्याला कळवलं होतं. त्याचा कामावरून फोन आला. "बाबांना हात लावू देऊ नकोस हं," तो म्हणाला. वरातीमागून घोडं आलं ते असं.

"मेकॅनिकला तरी विचारा," आतून बायको म्हणाली. "का त्याच्याशी बोलल्यानं विटाळ होतो तुम्हाला?"

सुनेनं फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. मेकॅनिकनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, बसवताना दोन्ही टोकांना खट् असा आवाज आला होता का?"

"आवाज?" घड्याळजी ताठ झाले. "माझ्या हातून आवाज होत नसतो."

"मग ती बसलीच नाही काका. नुसती टेकलीय. अंगठ्यानं दाबा. चांगली जोरात. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप वर येऊन धरतात."

"जोरात?"

"जोरात. बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटेल. घाबरू नका."

फोन बंद झाला. घड्याळजींनी पट्टीवर अंगठे ठेवले. दाबले. खालचा बोर्ड लवला, कर्र झालं, आणि त्यांचे हात विस्तवावरून उचलावे तसे वर आले. पुन्हा ठेवले, पुन्हा आले. कपाळावर घाम आला. लोकांच्या बापजाद्यांची घड्याळं ज्या अंगठ्यांनी वाचवली होती, ते अंगठे मालकाचं ऐकेनात.

"बाबा, मी दाबू?"

"मोडलं तर?"

"आत्ता तरी ते कुठे चालतंय?" सून म्हणाली. आवाज मऊ होता, पण नवेपण त्यातून गेलं होतं. "आणि मोडलं तर माझ्या हातून मोडू दे."

घड्याळजींनी खिडकीकडे पाहिलं. उन्हानं टेबल सोडलं होतं. ते खुर्चीवरून उठले. एवढंच, पण बायको दारात येऊन उभी राहिली. हत्यारांसमोरून आपण होऊन उठलेले घड्याळजी तिनं कधी पाहिले नव्हते.

"मी डबा धरतो," ते म्हणाले. "तू दाब."

सुनेनं जुनी पट्टी खाचेत उभी केली, दोन्ही अंगठे ठेवले आणि अंगाचा भार दिला. खट्. दुसऱ्या टोकाला, खट्. प्रत्येक खट्‌ला घड्याळजींचे डोळे मिटत होते, जणू त्यांच्याच पाठीवर बसतंय. मग नवी पट्टी. खट्. खट्.

बटण दाबलं. डबा एकदाच बोलला. टीं.

"गेला!" घड्याळजी ओरडले.

"नाही हो बाबा," सून म्हणाली. पडद्यावर उजेड आला होता.

शाळेचे सगळे मजले एकदम उघडले: जिने, वर्ग, खिडक्यांच्या रांगा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी कोरलेल्या. घड्याळजी मागे उभे राहून बघत होते. रेघा केसासारख्या बारीक होत्या आणि एकही थरथरलेली नव्हती. नकाशे गेले. पलीकडून साहेबांचं उत्तर आलं: मिळाले, उद्या पुढच्या इमारतीचं बोलू. तोंड अजून वाकडंच असावं, पण बोलणार होते.

नवऱ्याचा फोन पुन्हा वाजला. सुनेनं सासऱ्यांकडे एक नजर टाकली. "झालं काम," ती फोनमध्ये म्हणाली. "बाबांनी बसवली."

घड्याळजी दोन पावलं पुढे आले. आयुष्यात फुकट आलेलं कौतुक त्यांनी कधी परत पाठवलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातून फोन घेतला.

"खोटं बोलतेय," ते म्हणाले. "तिनं बसवली. मी नुसता डबा धरून उभा होतो."

पलीकडे मुलगा इतका वेळ गप्प राहिला, की फोन बिघडला की काय म्हणून घड्याळजींनी तो कानापासून काढून उलटसुलट करून पाहिला. सुनेनं घाईघाईनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.